भरतीच्या ग्राउंडपासून पगाराच्या पावतीपर्यंत

अग्निवीर भरतीबद्दल पोरं आम्हाला विचारतात ते प्रश्न ठरलेले असतात. किती मिनिटांत पळावं लागतं, मेडिकलला काय काय बघतात, ट्रेनिंगला खरंच एवढा त्रास असतो का, पगार हातात किती पडतो आणि चार वर्षांनी पुढे काय. या सगळ्या टप्प्यांतून गेलेले आणि आता भरतीच्या हंगामात पोरांची तयारी करून घेणारे आम्ही काही जण आहोत. परत आलेल्या पोरांशी बोलताना एक गोष्ट वारंवार दिसते. ताकद कमी पडली म्हणून बाहेर गेलेले थोडे असतात. सेकंदांचा हिशेब, कागदावरची नावं आणि पायांची काळजी यांत मार खाल्लेले जास्त असतात. म्हणून इथे मुख्यतः त्याच गोष्टी लिहितो.

परीक्षेचं थोडक्यात. २०२३ पासून लेखी परीक्षा आधी आणि ग्राउंड नंतर असा क्रम आहे. अर्ज सैन्याच्या संकेतस्थळावरच भरायचा, उमेदवाराला फी २५० रुपये. जनरल ड्यूटीला, म्हणजे साध्या सैनिकाच्या पदाला, ५० प्रश्न, १०० गुण आणि एक तास. उत्तीर्ण व्हायला ३५ गुण लागतात, पण ३५ वर कुणी ग्राउंडला पोहोचेल असं धरून चालू नये, कारण मेरिट आपल्या भरती कार्यालयातल्या बाकीच्या पोरांवर ठरतं. बरोबर उत्तराला दोन गुण, चुकलं तर अर्धा गुण वजा. चारही पर्याय अनोळखी असतील तर प्रश्न सोडावा. एक जरी पर्याय खात्रीने बाद होत असेल तर उत्तर द्यावं, हिशेबाने ते फायद्याचंच पडतं. २०२५ पासून परीक्षा मराठीतूनही देता येते. पण इंग्रजीतून किंवा हिंदीतून सराव केलेल्या पोरांनी ऐन वेळी मराठी घेऊ नये, विज्ञानाच्या संज्ञांवर अडखळून वेळ जातो.

जनरल ड्यूटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३ गुण लागतात. क्लार्कला बारावी ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५०. टेक्निकलला बारावी विज्ञान ५० टक्के आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, इंग्रजी या चार विषयांत प्रत्येकी ४०. एकूण टक्केवारी भरपूर आणि एका विषयात कमी, अशी पोरं इथे अडकतात. अर्ज भरण्याआधी गुणपत्रिका समोर ठेवून विषयवार बघा. महाराष्ट्रात भरती कार्यालयं पुणे, कोल्हापूर, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा कोल्हापूरकडे येतात. अधिवास ज्या जिल्ह्याचा, अर्ज त्याच कार्यालयाचा.

आता ग्राउंड. पळायचं १६०० मीटर, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या. साडेपाच मिनिटांच्या आत आला तर ६० गुण, ५ मिनिटं ४५ सेकंदांपर्यंत ४८. २०२५ पासून पुढे आणखी दोन गट आले: सहा मिनिटांपर्यंत ३६ आणि सव्वासहा मिनिटांपर्यंत २४. साडेपाच मिनिटं म्हणजे एका फेरीला साडेब्याऐंशी सेकंद. हा आकडा अंगात मुरला पाहिजे. बहुतेक पोरं पहिली फेरी ७० सेकंदांत मारतात, कारण शंभर-दोनशे जण एकदम सुटतात आणि मागे राहण्याची भीती वाटते. तिसऱ्या फेरीत तीच पोरं ९५ ला येतात. पहिली फेरी ८० च्या आत नको आणि तिसरी ८४ च्या पुढे नको, असं बांधून पळावं. चौथी आपोआप निघते.

दुसरा घोळ बाहेरून पळण्याचा. गर्दीत धक्के नकोत म्हणून पोरगा आतल्या कडेपासून तीन मीटर बाहेर राहतो. तीन मीटर बाहेर म्हणजे दर फेरीला सुमारे १९ मीटर जास्त, चार फेऱ्यांत ७५ मीटर. साडेपाचच्या वेगाने ७५ मीटरला १५ सेकंद लागतात. म्हणजे दम तेवढाच, तयारी तेवढीच आणि पोरगा ६० वरून ४८ वर. हे १२ गुण लेखी परीक्षेतल्या सहा प्रश्नांएवढे आहेत. सुरुवातीची शंभर मीटर बाहेरून जायला हरकत नाही, पण पहिल्या वळणाच्या आत कडेला लागायचंच. पुढच्याला ओलांडायचं ते सरळ रस्त्यावर, वळणावर नाही.

तयारीत रोज १६०० मीटर जीव तोडून पळणं ही सगळ्यात मोठी चूक. त्याने वेळ एका ठिकाणी अडकते आणि नडग्या दुखायला लागतात. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून १६००, एकदा ४०० मीटरच्या सहा फेऱ्या प्रत्येकी ८० ते ८२ सेकंदांत आणि मध्ये दीड मिनिट चालणं, बाकीचे दोन-तीन दिवस बोलता येईल अशा चालीने पाच-सहा किलोमीटर, आणि एक दिवस पूर्ण आराम. डांबरी रस्त्यावर रोजचा सराव नको. ग्राउंडच्या दिवशी नवे बूट नकोत, आदल्या रात्री मटण नको.

बीम, म्हणजे पुलअप्स. दहा मारले तर ४० गुण, नऊला ३३, आठला २७, सातला २१, सहाला १६. सहाच्या खाली बाहेर. शेवटचा एक पुलअप सात गुणांचा आहे हे ध्यानात घ्या. प्रत्येक वेळी हात पूर्ण सरळ व्हायला हवेत आणि हनुवटी बीमच्या वर जायला हवी, झटका मारून वर गेलेला मोजला जात नाही. गावाकडे पोरं सकाळी ताज्या हातांनी बारा-बारा मारतात आणि ग्राउंडवर सातवर लटकतात. कारण साधं आहे: तिथे बीम येतो तो पळून झाल्यावर, छातीत श्वास मावत नसताना, घामेजल्या हातांनी आणि आधीच्या पोरांच्या घामाने ओल्या झालेल्या पाइपवर. म्हणून सराव करताना बीम धावण्यानंतरच ठेवा. हात मातीला किंवा शर्टाला नीट पुसून मगच पकड घ्या. पहिले सहा सलग मारा, मग एक-एक करताना लटकून एक पूर्ण श्वास घ्या.

नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग, म्हणजे नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं, या दोहोंना गुण नाहीत, फक्त पास व्हायचं असतं. खड्ड्यात पडणारे बहुतेक जण उडी लवकर घेतात, कडेपासून दोन फूट आधीच पाय उचलतात. झिगझॅगवर थांबलं की तोल गेलाच. नजर पायांवर न ठेवता दोन पावलं पुढे ठेवून एकाच चालीने जायचं.

उंची जनरल ड्यूटीला महाराष्ट्रासाठी १६८ सेंटिमीटर, छाती ७७ आणि फुगवून ८२. काठावरच्या पोरांना एक गोष्ट सांगतो. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटर उंच असतो, दिवसभर उभं राहून-बसून पाठीचे मणके दाबले जातात. भरती मेळाव्याला पोरं एसटीने रात्रभर बसून जातात आणि गेटसमोर पुन्हा बसून राहतात. आदल्या दिवशी दुपारीच पोहोचा आणि चार तास तरी आडवे पडा. छाती फुगवताना खांदे वर उचलून काही होत नाही, फीत छातीभोवती असते, खांद्यांभोवती नाही. पाच सेंटिमीटर फुगत नसेल तर खोल श्वासाचा सराव दोन महिने आधीपासून हवा.

कागदांवर येऊ. इथे महाराष्ट्राची एक खास अडचण आहे. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव. आधारवर बहुतेकांचं स्वतःचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. अधिवास दाखल्यावर तिसरंच काहीतरी, कुठे वडिलांच्या नावापुढे 'राव' लागलेलं तर कुठे नाही. सैन्यात मूळ मानलं जातं ते दहावीचं प्रमाणपत्र. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख या चार गोष्टी त्याच्याशी अक्षरन्‌अक्षर जुळायला हव्यात. आधारमधली दुरुस्ती अर्जाआधी करून घ्या, कारण अर्ज आधारवरच चालतो. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू ठेवा. भरती पूर्ण होईपर्यंत तो बदलू नका.

लागणारे कागद: दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं, अधिवास दाखला, जातीचा दाखला, शाळेचा चारित्र्य दाखला, सरपंच किंवा पोलीस पाटलाकडचा फोटोसह चारित्र्य दाखला, फोटोसह अविवाहित असल्याचा दाखला, ठरलेल्या नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र, पॅन, आधार आणि बँकेचं पासबुक. शिवाय पांढऱ्या पार्श्वभूमीचे तीन महिन्यांच्या आतले वीस फोटो. असेल तर एनसीसीचं प्रमाणपत्र, त्याला बोनस गुण आहेत. वडील सैन्यात असतील तर नात्याचा दाखला. गावचे दाखले सहा महिन्यांच्या आतले लागतात, म्हणून वर्षभर आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही. खुल्या प्रवर्गातल्या पोराला जातीचा दाखला कशाला असं वाटतं, पण यादीत तो असतो, आणि तहसीलच्या फेऱ्यांना वेळ लागतो. परीक्षा दिली की दुसऱ्या दिवशी सेतूकडे अर्ज टाका, निकालाची वाट बघू नका. प्रवेशपत्राची प्रिंट साध्या पाकिटात सपाट ठेवा, घडी पडली की बारकोड वाचला जात नाही. अलीकडे मेळाव्यात जुळवून घेण्याच्या क्षमतेची एक चाचणी मोबाईलवर घेतात, त्यासाठी चार्ज केलेला स्मार्टफोन आणि २ जीबी डेटा जवळ हवा.

पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. परीक्षा संगणकावर, वेळ घड्याळावर, मेडिकल डॉक्टरांच्या बोर्डासमोर. मध्ये कुणालाही हात घालायला जागा नाही. ज्याचं काम आपोआप होतं त्याच्याकडून हे लोक 'आम्ही केलं' म्हणून पैसे घेतात.

मेडिकलला बाहेर जाणाऱ्यांपैकी कितीतरी जण आधी थोडं लक्ष दिलं असतं तर पास झाले असते. कानातला मळ हे पहिलं कारण. मळामुळे पडदा दिसत नाही आणि डॉक्टर पुढे जाऊ शकत नाहीत. काडीने किंवा पिनने उकरू नका, मळ आत ढकलला जातो आणि जखम होते. आठवडाभर आधी कानाच्या डॉक्टरकडून साफ करून घ्या. दुसरं गजकर्ण. रोज घामाने भिजलेली चड्डी अंगावर वाळते आणि जांघेत नायटा धरतो. मेडिकलच्या दुकानातून मिळणारी मिश्र मलमं लावली की चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं, कारण त्यात स्टेरॉईड असतं. त्वचेच्या डॉक्टरकडे जा, औषध पूर्ण करा, त्याला काही आठवडे लागतात. दातांच्या तपासणीत किमान १४ डेंटल पॉइंट, म्हणजे चांगल्या दातांना मिळणारे गुण, लागतात. किडलेले दात आधी भरून घ्या.

सपाट तळव्यांबद्दल फार गैरसमज आहेत. ओला पाय फरशीवर उमटवून बघा. टाचेपासून बोटांपर्यंत पूर्ण ठसा आला तर चवड्यांवर उभे राहा. चवड्यांवर उभं राहिल्यावर तळव्याला कमान येत असेल तर तो लवचिक पाय आहे आणि सहसा अडचण येत नाही. कमान येतच नसेल तर अडचण आहे. गुडघे एकमेकांना लागणं, कोपराचा कोन जास्त असणं, नाकाचं हाड वाकडं असणं, अंडकोशाच्या नसा फुगलेल्या असणं, मूळव्याध, रंग ओळखता न येणं, हे सगळं बघितलं जातं. रंगांच्या चाचणीची चित्रं पाठ करून काही उपयोग नाही, क्रम बदलतो. टॅटू असेल तर हाताच्या आतल्या बाजूला कोपर ते मनगट आणि पंजाच्या मागच्या बाजूला एवढाच चालतो, आदिवासी समाजांच्या परंपरेला वेगळी सवलत आहे. शक्य असेल तर गावाकडे अर्ज भरायच्या आधीच माजी लष्करी डॉक्टरकडून एकदा तपासून घ्या.

तात्पुरतं अनफिट लिहिलं म्हणजे संपलं असं नाही. लष्करी रुग्णालयाचं पत्र मिळतं, त्यावर तारीख असते आणि तिथे पुन्हा तपासणी होते. पोरं निराश होऊन घरी जातात आणि तारीख घालवतात. पत्र हातात पडलं की त्याच दिवशी रुग्णालयात कधी हजर व्हायचं ते विचारून घ्या.

निवड झाली की केंद्र कोणतं मिळेल हे आपल्या हातात नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, गार्ड्‌सचं कामठीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. पण मराठी पोरगा जबलपूरच्या सिग्नल्समध्येही, म्हणजे संदेशवहन दलातही, जातो आणि सिकंदराबादच्या ईएमईमध्येही, म्हणजे यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्या दलातही. बोलायची भाषा सगळीकडे हिंदी.

पायदळाच्या केंद्रात अग्निवीराचं प्रशिक्षण साधारण ३१ आठवडे चालतं, त्यातले पहिले १० मूलभूत आणि पुढचे २१ प्रगत. पूर्वी हाच काळ बराच लांब असायचा, त्यामुळे आता दिवस दाटून भरलेला असतो. पहाटे उठणं, दाढी, बिस्तरा, पीटी, नाश्ता, ड्रिल, हत्यार, वर्ग, जेवण, दुपारी खेळ किंवा फटिग (साफसफाईसारखी अंगमेहनतीची कामं), संध्याकाळी रोलकॉल. फोन ठरल्या वेळीच मिळतो. सुरुवातीला त्रास होतो तो मेहनतीचा कमी आणि वेळेचा जास्त. वीस जणांमागे तीन नळ असतील तर दाढी रात्री करून झोपणं, बूट रात्रीच पॉलिश करून ठेवणं, कपडे घालायच्या क्रमाने रचून ठेवणं, या सवयी ज्याला लवकर लागतात त्याचा दिवस सोपा जातो.

ड्रिलचे हुकूम हिंदीत असतात. 'दाहिने मुड' आणि 'बाएँ मुड' यात आपली पोरं सुरुवातीला गोंधळतात, कारण डोक्यात 'उजवा-डावा' चालू असतो. घरीच हुकूम मोठ्याने म्हणत सराव करून जा. सावधानला टाचा जुळलेल्या आणि पंजांत ३० अंशांचा कोन, विश्रामला पायांत १२ इंच, तेज चालीत पाऊल ३० इंचांचं. हे आकडे उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, नुसतं बघून ओळखतो. चुकलं की रगडा असतो: फ्रंट रोल, मैदानाला चकरा, हात वर करून पळणं. उस्तादाला पोरांवर हात उचलायला परवानगी नाही. एकाच्या चुकीसाठी पूर्ण प्लाटूनला रगडा मिळतो तेव्हा राग येतो. पण पुढे सीमेवरच्या चौकीत एकाची झोप सगळ्यांच्या जिवावर येते, आणि त्याची तयारी इथेच होत असते.

सगळ्यात जास्त पोरं मागे पडतात ती पायांमुळे. मऊ मातीत पळालेला पोरगा अचानक परेड ग्राउंडच्या कडक फरशीवर दिवसभर टाच आपटतो. हाडावरचा भार एकदम वाढतो आणि नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. ओळखायचं असं: दुखणं पूर्ण नडगीभर पसरलेलं असेल आणि चालून गरम झाल्यावर कमी होत असेल तर ती बहुतेक स्नायूंची ओढ आहे. एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल आणि त्या एका पायावर उडी मारताच कळ येत असेल, तर सकाळी सिक रिपोर्टला, म्हणजे आजाऱ्यांच्या तपासणीला, नाव द्या. 'बॅच सुटेल' म्हणून लपवणारा पोरगा तडा पूर्ण मोडून घेतो आणि मग खरंच बॅच सुटते, कारण प्रशिक्षणाचे जास्त दिवस गेले की पुढच्या बॅचमध्ये टाकतात. लवकर दाखवलं तर विश्रांतीत भागतं. फोड आला तर कातडी काढू नका. सुती मोजे रोज धुतलेले आणि कोरडे हवेत. नवे बूट संध्याकाळी बराकीत घालून फिरत राहा, म्हणजे चामडं पायाला बसतं.

हत्याराचं प्रशिक्षण ज्याला शांतपणे जमतं तो पुढे जातो. इन्सास ही ५.५६ मिलिमीटरची रायफल, मॅगझिन २० गोळ्यांचं. फायरिंगला सुरुवातीला बघतात ते ग्रुपिंग, म्हणजे पाच गोळ्या किती जवळजवळ पडतात. त्या मधोमध लागल्या की नाही हे नंतर, ते झिरोइंगने, म्हणजे रायफलीचा नेम जुळवून, दुरुस्त होतं. उजव्या हाताच्या फायररच्या गोळ्या सारख्या खाली उजवीकडे जात असतील तर तो ट्रिगर झटक्याने ओढतो आहे. श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि ट्रिगर दाबत न्यायचा, गोळी कधी सुटली ते आपल्यालाही कळू नये. फायरिंगनंतर सफाई: पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, ४ बाय २ इंचाची चिंदी लावून नळी कोरडी करायची, चिंदी पांढरी बाहेर येईपर्यंत, मग ४ बाय दीड इंचाच्या चिंदीने तेलाचा हलका थर. जाड चिंदी नळीत अडकवून बसणारा प्रत्येक बॅचमध्ये एक तरी निघतोच. जोर लावून ओढू नका, दोरी तुटली की काम वाढतं, उस्तादाला सांगा.

शारीरिक चाचण्यांत मुख्य बीपीईटी, म्हणजे लढाईसाठी लागणाऱ्या शारीरिक क्षमतेची चाचणी. पूर्ण लढाऊ वजन आणि हत्यार घेऊन पाच किलोमीटर: २५ मिनिटांत एक्सलंट, साडेसव्वीसला गुड, २८ ला सॅटिस्फॅक्टरी. त्यासोबत ६० मीटर धाव, उभा दोर, आडवा दोर आणि नऊ फुटी खड्डा. पाच किलोमीटरमध्ये दम जातो त्याहून पाठीवरचं पिट्टू हलल्यामुळे जास्त वेळ जातो. पट्टे आवळून, जड सामान वर आणि पाठीला चिकटून ठेवा. हे गुण हलक्यात घेऊ नका, चार वर्षांनी कायम कोणाला ठेवायचं हे ठरताना अशा चाचण्यांची नोंद बघितली जाते. शेवटी कसम परेड होते आणि पोरगा रिक्रूटचा जवान होतो.

आता पैसे. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के सेवानिधीसाठी, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या निधीसाठी, कापले जातात. म्हणजे हातात अनुक्रमे २१,०००, २३,१००, २५,५५० आणि २८,०००. कापलेले ९,००० ते १२,००० दरमहा जमा होतात, चार वर्षांत ५ लाख २ हजार. तेवढीच रक्कम सरकार घालतं, म्हणजे १० लाख ४ हजार, आणि व्याज धरून शेवटी साधारण ११ लाख ७१ हजार. त्यावर आयकर नाही. महागाई भत्ता नाही, ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. राहणं, जेवण, वर्दी आणि औषधोपचार सेवेत असताना मिळतात, कॅन्टीनही. खडतर भागात पोस्टिंग झालं तर तिथला भत्ता वेगळा.

ही रक्कम नेमकी समजून घेण्यासाठी शेजारच्या जुन्या जवानाशी तुलना करून बघा. नियमित शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं, त्यावर ५,२०० मिलिटरी सर्व्हिस पे आणि महागाई भत्ता. १५ वर्षं सेवा झाली की पेन्शन. वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा. अग्निवीराला वर्षाला ३० दिवस. घरच्यांनी हे आधीच नीट समजून घ्यावं. हातात येणाऱ्या २१,००० वर ट्रॅक्टरचा किंवा घराचा हप्ता बांधला की पोरगा अडकतो. आम्ही सांगतो की पहिल्या वर्षी घरी ठरलेली रक्कमच पाठवा आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत कुठलंही कर्ज उचलू नका.

पगार सुरू होण्याची वाट कागदांतून जाते. केंद्रात दाखल झाल्यावर माहिती पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या नोंदींच्या अधिकृत आदेशात, चढते आणि ती पगार कार्यालयात, म्हणजे पीएओमध्ये जाते. बँक खातं एकट्याच्या नावावर हवं, वडिलांसोबतचं जोडखातं परत येतं. पासबुकावरचं नाव दहावीशी जुळत नसेल तरीही परत येतं. असं झालं की पगार बुडत नाही, दुरुस्ती झाल्यावर थकबाकीसह जमा होतो, पण तोपर्यंत खिसा रिकामा. म्हणून निघताना घरून दोन-तीन हजार रुपये जवळ असू द्या. पावती दर महिन्याला उघडून तीन ओळी बघा: एकूण रक्कम, सेवानिधीची वजावट आणि वर्ष पूर्ण झाल्यावर नवा दर लागला का. चूक दिसली तर त्याच महिन्यात क्लार्कला लेखी द्या.

मध्येच स्वतःहून नोकरी सोडली तर सेवानिधीतला फक्त आपला वाटा व्याजासह मिळतो, सरकारचा वाटा मिळत नाही. दोन वर्षं भरली असतील तर आपले २ लाख २६ हजार ८०० आणि व्याज, एवढंच. चार वर्षांनी प्रत्येक तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, त्यांना पुढे किमान १५ वर्षांची सेवा असते. त्यांनाही निधीतला फक्त स्वतःचा वाटा मिळतो. बाकीच्यांना पूर्ण सेवानिधी आणि कौशल्याचं प्रमाणपत्र मिळतं, माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. दहावीवर गेलेल्याने सेवेत असतानाच बारावीचं प्रमाणपत्र पदरात पाडून घ्यावं, त्याची सोय आहे, पण त्यासाठी वेळेत नोंदणी स्वतः करावी लागते.

शेवटचं घरच्यांसाठी. अग्निवीराचा ४८ लाखांचा विमा असतो आणि त्याचा हप्ता पगारातून कापला जात नाही. कर्तव्यावर मृत्यू आला तर ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान, उरलेल्या काळाचा पगार आणि सेवानिधी कुटुंबाला मिळतो. कर्तव्यामुळे अपंगत्व आलं तर १००, ७५ आणि ५० टक्क्यांना अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाख. हे पैसे कोणाच्या हातात जाणार ते पोराने दाखल होताना लिहिलेल्या वारसाच्या नावावर ठरतं. तो अर्ज भरताना पोरं घाईत असतात आणि आईचं नाव माहेरचं लिहायचं की सासरचं, आधारवरचं लिहायचं की घरात हाक मारतात ते, याचा विचार करत नाहीत. आई आणि वडील दोघांच्या आधारची प्रत निघतानाच सोबत घ्या, नाव त्यावरून उतरवा आणि वाटा टक्क्यांत लिहा. भरलेल्या अर्जाचा फोटो घरी पाठवा आणि घरच्यांनी त्याची छापील प्रत पासबुकासोबत ठेवावी.